दहा मिनिटं मागे

यादीत स्वतःचं नाव दिसलं आणि गोविंदरावांचं बोट तिथंच थांबलं. चर्चच्या व्हरांड्यातल्या फलकावर ऑक्टोबरचं मऊ, पिवळं ऊन पडलं होतं. आतून मेणबत्त्यांचा वास येत होता. ते आले होते वेगळ्याच कामाला. महिनाअखेरीच्या सणाला लांबलांबून माणसं येतात, त्यासाठी सेवेकरी हवे होते. कुणी फुलं सजवायची, कुणी जेवण वाढायचं, कुणी पाणी वाटायचं. पाण्यावर आपण दोघं उभे राहू, असं इनास डिमेलोंनी गेल्या गुरुवारी सुचवलं होतं, म्हणून गोविंदराव खिशाला पेन लावून निघाले होते. पण सणाच्या कागदाखालून एक जुना कागद अर्धा बाहेर आला होता. त्यावर हिंदीत लिहिलं होतं, एकट्या वृद्धांच्या भेटी. गोविंदराव जी, सिविल लाइंस, दर गुरुवार. आणि भेटायला जाणाऱ्याच्या रकान्यात, इनास डिमेलो.

गोविंदराव म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. चौतीस वर्षं त्यांनी झाशी विभागातल्या स्टेशनांची घड्याळं सांभाळली. हाताखालच्या पोरांना त्यांचा एकच मंत्र होता. काटे कधी मागे फिरवायचे नाहीत. घड्याळ पुढे गेलं तर ते थांबवून ठेवा, वेळ आपणहून त्याला गाठेल. त्यांची बायको बकुळ गेली, त्यालाही आता दोन वर्षं झाली. पुण्याहून मुलगी सारखी बोलवत होती. आपल्याला कुणाची गरज नाही, असं ते तिला दर रविवारी फोनवर ठणकावून सांगत. त्या फोननंतर उरलेला आठवडा घरात मराठीचा शब्द निघत नसे.

मार्चमध्ये एका गुरुवारी इनास दारात उभे राहिले. त्यांचे आजोबा वसईहून रेल्वेच्या नोकरीसाठी इथं आले होते. नातवाच्या मराठीत आता निम्मी हिंदी होती, तरी होती ती मराठीच. पिशवीतून त्यांनी चावीचं टेबलघड्याळ काढलं. वडिलांची आठवण, म्हणाले, रोज मागे पडतं, आणि तुमच्याशिवाय झाशीत याला हात लावणारं कोण आहे? गोविंदराव फुलून गेले. त्यांनी घड्याळ उघडलं, पुसलं, तेल दिलं. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा दहा मिनिटं मागे. त्याच्या पुढच्याही. मग ते दुपारचं एक स्वप्नच होऊन बसलं. टेबलावर उघडं घड्याळ, कपातला चहा निवत चाललेला, अंगणातल्या पेरूवर राघूंचा गलका, आणि दोन म्हातारे अर्धवट डोळे मिटून आपापल्या लहानपणाबद्दल बोलत बसलेले. आपण एका एकट्या माणसाला सोबत देतो, असं गोविंदरावांना मनापासून वाटत होतं.

आता फलकासमोर सगळं लख्ख झालं. नीट केलेलं घड्याळ कुणी काटे फिरवल्याशिवाय दर आठवड्याला मोजून दहाच मिनिटं मागे पडत नाही. हे त्यांना पहिल्या महिन्यातच कळायला हवं होतं. चौतीस वर्षांचा कारागीर, आणि इनासने त्याला सरळसरळ खेळवलं होतं. त्यांना अपमान वाटला. त्याहून जास्त दुःख झालं. पाणी वाटणं हे जसं एक काम, तसे आपणही कुणाच्या तरी वाट्याला आलेलं एक काम होतो. उद्या गुरुवार होता. उद्या दार उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि बाहेर काढलेलं पेन पुन्हा खिशाला लावलं.

तेवढ्यात फलकाची व्यवस्था पाहणाऱ्या सिस्टर आल्या. नाव लिहिताय ना, असं त्यांनी विचारलं. गोविंदरावांनी त्या जुन्या कागदावर बोट ठेवलं. सिस्टरनी टाचण्या काढल्या, सणाचा कागद बाजूला केला, तेव्हा खालच्या कागदाचा झाकला गेलेला मथळा दिसला.

"अरे, ये तो चालीसे का है, अंकल जी," त्या म्हणाल्या. "ईस्टर से पहले चालीस दिन की सेवा. वो तो अप्रैल में ही पूरी हो गई. कागज़ उतारना मैं ही भूल गई."

त्यांनी तो कागद चुरगाळून टोपलीत टाकला.

गोविंदराव तिथंच उभे राहिले. मार्चमधल्या त्या पहिल्या गुरुवारपासून ईस्टरपर्यंत गुरुवार आले किती? त्यांनी बोटांवर मोजले. सात. त्यानंतर पंचवीस गुरुवार झाले होते. मे-जूनच्या झाशीच्या उन्हातले, जेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही तेव्हाचे. भर पावसातले, पिशवी शर्टाखाली धरून आणलेले. त्या पंचवीस गुरुवारांसाठी कुठल्याच कागदावर कुणाचं नाव नव्हतं. गोविंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि फलकावरचं ऊन हलल्यासारखं झालं. त्यांनी पेन काढलं. पाणीवाटपाच्या ओळीत इनास डिमेलोंच्या नावाखाली वळणदार अक्षरात आपलं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता इनास आले. त्यांनी पिशवीतून घड्याळ काढलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि दर वेळेसारखे खांदे पाडले. दहा मिनिटं मागे. गोविंदरावांनी काटे पुढे घेऊन वेळ बरोबर केली, पण आज पेचकस काही काढला नाही. चहा झाला. वसईच्या विहिरी झाल्या, बकुळच्या हातचं भरीत झालं. राघू येऊन गेले. ऊन सरकत सरकत टेबलावरून उतरलं. इनास उठले, तेव्हा गोविंदरावांनी घड्याळ हातात घेतलं, त्यांच्या डोळ्यांदेखत मागची खुंटी धरली आणि काटे सावकाश दहा मिनिटं मागे फिरवले.

"घ्या," ते म्हणाले. "अजून मागंच पडतंय हो, इनासभाऊ. पुढच्या गुरुवारी घेऊन या."