मीठ कमी होतं

ग्रंथालयाच्या वाचक मंडळात मी एका जुन्या फ्रेंच कादंबरीवर बोलत होते. कवी व्हायला पॅरिसला गेलेला गावाकडचा मुलगा उपाशी राहतो आणि आईला मात्र न खाल्लेल्या मेजवान्यांची पत्रं लिहितो.

"काय लिहिलंय बघा," मी म्हणाले. "खोटं खरं वाटावं म्हणून सूपमध्ये मीठ कमी होतं, हेसुद्धा तो कळवतो!"

सगळे हसले. पहिल्या रांगेतले वाळिंबे सर म्हणाले, "आम्हीही पुण्यात हेच करायचो. रविवारी संध्याकाळी मेस बंद. पाणी पिऊन झोपायचं आणि घरी लिहायचं, पोटभर जेवलो."

"अजूनही बंदच असते हो," मागून कोणीतरी म्हणालं.

मी पुस्तक मिटलं. माझा मुलगा निनाद नाटकात नाव काढायला पुण्याला गेला, त्याला दीड वर्ष झालं. दर रविवारी आठ वाजता त्याचा फोन येतो, आणि मेसमध्ये काय जेवला ते तो अगदी चवीनं सांगतो.

कसंबसं आटोपून घरी आले. आजही रविवारच होता. आठ वाजता फोन वाजला, तेव्हा उचलायची भीती वाटली.

"जेवलास?"

"हा काय, आत्ताच आलो मेसमधून. वांग्याची भाजी होती, आई. मीठ जरा कमी होतं."

फोन कानाशी धरून मी कादंबरीची पानं उलटत राहिले. त्या आईनं काय उत्तर धाडलं, ते लेखकानं कुठंच लिहिलं नव्हतं.