कर्ता सांग

शाळेत कर्तरी-कर्मणी प्रयोग शिकवून आले तरी मास्तरांचा व्याकरणाचा तास घरी संपत नसे. "दूध उतू गेलं वाटतं," असं बायको म्हणाली, की ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणत, "गेलं नाही, तू घालवलंस." छकुलीनं "बाबा, कप फुटला" म्हटलं, की लगेच, "आपोआप फुटला? कर्ता सांग, कर्ता!" मग ती सहा वर्षांची पोर ओठ काढून म्हणे, "मी फोडला."

"अहो, एखादी गोष्ट कधीतरी नुसती होऊ द्या की!" बायको वैतागून म्हणायची.

त्या दिवशी ओढ्याला पूर आला म्हणून शाळेला लवकर सुट्टी दिली. मास्तर छकुलीचा हात घट्ट धरून पुलावरून निघाले आणि पलीकडे एकटेच पोचले.

संध्याकाळी पोलीस घरी आले. त्यांच्यातल्या वयस्कर हवालदारानं टोपी काढून हळूच विचारलं, "मास्तर, नेमकं काय झालं?"

मास्तर ओल्या कपड्यांनिशी भिंतीला टेकून बसले होते. स्वतःच्या उजव्या तळहातावरून त्यांची नजर हलत नव्हती.

"मी तिचा हात सोडला."

रडून रडून घसा बसलेली बायको आतून आली, त्यांच्याशेजारी बसली आणि तो तळहात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. उभ्या संसारात पहिल्यांदाच तिनं मास्तरांचं वाक्य दुरुस्त केलं.



"सोडला नाही हो... सुटला."