रंगाऱ्याचा पश्चात्ताप

"एकच वाक्य बोलायचंय तुला. तेवढंही जड जातंय?"

ऑर्गनबाईंचा आवाज चढला तशी दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने मान वळवली. जाळीच्या पलीकडे रंगारी खोकला ओसरायची वाट बघत बसला होता. बाईंच्या शेजारी पाळक होते.

"हळू, ताई," ते म्हणाले.

"हळूच बोलतेय. मोठ्याने बोलले असते तर भिंत पडली असती."

चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात म्हणून त्या ऑर्गनबाई. आणि त्यांच्या नवऱ्याच्या खुनासाठी हा रंगारी तुरुंगात. घराच्या भिंती रंगवायला आला होता. पोलीस पोचले तेव्हा प्रेताशेजारी फतकल मारून बसला होता. "मीच मारलं," म्हणाला, आणि पुढे वकिलालाही दुसरं काही सांगितलं नाही. मेलेला माणूस चर्चच्या मंडळीचा खजिनदार, गोड गळ्याचा, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. मारणारा दारुडा, चर्चची पायरी कधी न चढलेला. सगळ्या गावाने त्याच्या नावाने बोटं मोडली.

आता रंगाऱ्याची फुप्फुसं निकामी होत आली होती. बाहेर मोकळी हवा, वेळेवर औषध मिळालं तर अजून काही वर्षं काढेल, इथे राहिला तर हिवाळा निघणार नाही, असं तुरुंगाच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. सुटकेचं ठरवणारी समिती पलीकडच्याच खोलीत बसली होती. बाईंनी आपली हरकत नाही म्हणून कळवलं होतं. केल्याचा पश्चात्ताप होतो, एवढं रंगाऱ्याने म्हणायचं बाकी होतं. म्हणाला तर सुटका, नाही म्हणाला तर इथेच मरण.

हे सगळं पाळकांनी खटपट करून जमवून आणलं होतं. बाईंच्या क्षमेवर त्यांनी प्रवचनांमागून प्रवचनं दिली होती. उपासना सुटली की मंडळीतल्या बायका बाईंचे हात हातात घेऊन डोळे पुसायच्या. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी आल्या की भांडी आदळायच्या. मुलगी तर बापाच्या कबरीकडे फिरकतसुद्धा नसे. लेकराने फारच मनाला लावून घेतलंय, असं बायका म्हणायच्या, आणि पुन्हा डोळे पुसायच्या.

"बाबा रे," पाळक जाळीकडे झुकले, "मन मोकळं कर. देव ऐकतोय."

"मोकळंच आहे साहेब." रंगाऱ्याने तोंड पुसलं. "पण त्याच्यासमोर खोटं कशाला बोलू? मला नाही होत पश्चात्ताप. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन."

बाई ताडकन उठल्या. खुर्ची मागे आडवी झाली.

"ऐकलंत? ऐकलंत ना पाळकसाहेब? दगड आहे हा, दगड. याच्यासाठी गुडघे झिजवताय तुम्ही." त्या रंगाऱ्याकडे वळल्या. "रोज डोळा उघडतो तो तुझं तोंड समोर घेऊन. ऑर्गनवर बसले की तू. प्रार्थनेला डोळे मिटले की तू. घास गिळवत नाही मला. आणि तू इथे बसून ऐटीत सांगतोस, पुन्हा करीन?"

रंगाऱ्याने त्यांना बोलू दिलं. मग विचारलं, "मुलगी कशी आहे?"

पाळकांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. बापाला मारायचं आणि वर लेकीची चौकशी करायची. निर्लज्जपणाला काही हद्द?

"तिचा विषय काढू नकोस," बाई म्हणाल्या.

"झोपते ना आता नीट?"

"झोपते. शिकते. गाते. तुला काय करायचंय त्याच्याशी?"

"गाते?" रंगारी हसला. हसता हसता पुन्हा खोकला आला, तरी हसू जाईना.

पाळकांना ते हसू सहन झालं नाही. इतकी वर्षं दयेवर बोललेला माणूस, पण आत्ता जाळी नसती तर त्यांनी त्याची गचांडी धरली असती. ते उठले.

"ताई, माझंच चुकलं. या असल्या माणसापुढे आणून बसवलं मी तुम्हाला. तुमच्या दयेची लायकी नाही याची. मी समितीला सांगून येतो. मरू दे इथेच."

आपल्या तोंडून काय निघालं हे कळून ते क्षणभर थबकले, पण शब्द काही मागे घेतला नाही. तरातरा निघाले. शिपाई त्यांना दार उघडून द्यायला मागोमाग गेला.

बाईंनी खुर्ची सरळ केली, पण बसल्या नाहीत. दोन्ही हातांनी जाळी धरली. आवाज खाली आला होता. राग तेवढाच होता.

"हे बघ. ते तिथे पोचायच्या आत हाक मार आणि म्हण, चूक झाली. माझ्यासाठी नको म्हणूस, तुझ्या स्वतःच्या जिवासाठी म्हण. नाहीतर मी आत जाते आणि तोंड उघडते. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"नका बाई."

"का नको? तू कोण मला सांगणारा?"

रंगाऱ्याने दाराकडे पाहिलं. शिपायाची पाठ होती.

"पोर बापाच्या तावडीतून सुटली, आता तिला तुमच्याशिवाय कोण आहे?" तो अगदी हळू म्हणाला. "आणि तुमचा हा हट्ट मला नवा नाही. त्या दिवशीही सुरी सोडायला तयार नव्हतात तुम्ही, एकेक बोट उचकटून मला ती तुमच्या मुठीतून काढून घ्यावी लागली."