गाढविणीचा डोळा

मुलगी डार्करूममधून हात पुसत बाहेर आली, तोवर बाबांनी गाढविणीची पार नवरी करून टाकली होती.

डोळ्याखालच्या सुरकुत्या गायब. पापण्यांना चिकटलेली विटांची धूळ गायब. डोळ्याच्या कोपऱ्यात ऐटीत बसलेली माशी तर ब्लेडच्या टोकानं अशी खरवडून काढली होती, की ती कधी जन्मालाच आली नसावी. मोठ्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटवर उरला होता फक्त एक भलाथोरला, लाजरा डोळा.

"बाबा! हे काय करून ठेवलंत?"

"टचिंग केलं," बाबा ब्रश धुता धुता म्हणाले. "हात आपोआप गेला बघ. किती दमलेली दिसत होती बिचारी! आता कशी टवटवीत झालीय."

"ती दमलेलीच असते. दिवसभर विटा वाहते. तिचं काय लग्न जमवायचंय?"

बाबांना राग यायला हवा होता, पण त्यांना प्रश्नच कळला नाही. या स्टुडिओतून ब्रश न लागता एकही फोटो बाहेर गेलेला नव्हता. त्यांनी किती दुहेरी हनुवट्या एकेरी केल्या, किती पेंगुळलेल्या नवरदेवांचे डोळे उघडले, त्याला गणती नाही. शोकेसच्या मधल्या जागेवर त्यांचा सगळ्यात लाडका फोटो होता, एका चष्मेवाल्या गृहस्थांचा. चष्म्याच्या काचांत फोटोग्राफर हमखास उमटतो, कॅमेऱ्यासकट. बाबांनी स्वतःला त्यातून इतक्या सफाईनं मिटवलं होतं की काचा नितळ पाण्यासारख्या दिसायच्या. काढणारा दिसला की फोटो फुकट गेला, हे त्यांनी मुलीलाही लहानपणापासून घोकायला लावलं होतं.

"मला ती मधली जागा हवीय," मुलगी एकदम म्हणाली. किती दिवस हे वाक्य ती मनात घोळवत होती. "या डोळ्यासाठी. आणि ब्रश न लावता."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "शोकेसमध्ये गाढव? गिऱ्हाईक काय म्हणेल, इथे माणसाचं हे असं होतं?"

"दुसरी प्रिंट सुकलीय. भिंग घ्या आणि चूक काढून दाखवा. एक जरी सापडली तरी जनावरांचे फोटो काढायचं हे वेड सोडलं मी. जन्मभर पासपोर्ट फोटो काढत बसेन, हूं की चूं करणार नाही."

बोलून गेली आणि मग तिच्या ध्यानात आलं, बाबांच्या भिंगाखालून आजवर कोणी सुटलं नव्हतं.

बाबांनी दुसरी प्रिंट टेबलावर पसरली. दिवा ओढून घेतला. भिंग पापण्यांवरून फिरलं, सुरकुत्यांवरून फिरलं, माशीपाशी रेंगाळलं. "पंखांवरच्या रेघासुद्धा आल्यात," ते पुटपुटले, जणू तक्रारच करत होते. मग भिंग बुबुळावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"सापडली."

मुलगी वाकली. बुबुळाच्या काळ्याभोर गोलात आभाळाचा एक उजळ तुकडा होता. त्यात मोहरीएवढं कोणीतरी कोपरांवर पालथं पडलेलं, तोंडापुढे कॅमेरा, वेणी धुळीत लोळतेय.

तीच होती ती.

माशीचे पंख तपासले, पापणीचा केस न केस तपासला आणि घरातला पहिला नियमच विसरली! पण शब्द दिला होता. तिनं खाली मान घालून ब्रश उचलला, काळ्या शाईत बुडवला.

"मिटवते मी. हरले. उद्यापासून पासपोर्ट..."

बाबांनी तिचं मनगट धरलं. "खबरदार हात लावशील तर!"

शाईचा थेंब टेबलावर पडला. तो पुसायचं कोणालाच सुचलं नाही. बाबा पुन्हा भिंगाला डोळा लावून बसले.

"किती जवळ गेली होतीस गं? लाथ घातली असती म्हणजे?"

"नाही घालत. ओळखते ती मला."

"ते दिसतंय," बाबा म्हणाले. त्यांनी मान वळवून शोकेसकडे पाहिलं. "यांच्या काचेत मी होतो. असाच, इवलासा. नवा कोट घातला होता त्या दिवशी."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या सफाईचा राग आला. आणि मुलीचं इतकं कौतुक वाटलं, की ते तोंडानं सांगणं काही त्यांच्या स्वभावात बसेना. ते उठले, शोकेस उघडली, चष्मेवाल्या गृहस्थांना दोन्ही हातांनी उचलून कडेला सरकवलं आणि मधली जागा बाहीनंच लख्ख पुसली.

"आण इकडे. माशीसकट."

मुलीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर गेलं तसा शेजारचा शिंपी गळ्यात टेप अडकवून चहाला आला आणि काचेपुढे थबकला. "काय हो हे? एवढ्या मोक्याच्या जागी गाढव?"

"गाढव कुठलं?" बाबा छाती पुढे काढून म्हणाले. "आमची मुलगी आहे ती!"

शिंप्यानं एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या मुलीकडे पाहिलं.

बाबांनी खिशातून भिंग काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं.