नवलाईच्या मांडवातली डोलकाठी

नवलाईची शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा. खोटं निघालं तर माझ्या ताटातला बांगडा मांजरानं न्यावा.

राजापूरकडच्या एका खाडीकाठच्या गावात, नवलाईच्या देवळात कौल लावायचा होता. देऊळ जांभ्याचं, पुढचा मांडव लाकडी खांबांचा. गावच्या मुंबईकरांच्या मंडळातल्या सर्वेशला मांडव पाडून स्लॅब घालायचा होता. निम्म्या गावाला हवा, निम्म्याला नको. भांडून भांडून घसे बसले, तेव्हा ठरलं, देवीलाच विचारू.

मंडळानं आणलेली इंजिनीयर दिशा तोवर टेप घेऊन खांब मोजत होती. एका खांबापाशी अडली.

"सगळे खांब चौकोनी, नक्षीचे. हा एकटाच गोल कसा? आणि वर भोक कसलं?"

त्याच खांबाला टेकून येसूबाई ओटीचं ताट लावत बसली होती. कमरेला तपकिरीची डबी.

"खांब नाय गो बाय, डोलकाठी ती. वादळात गलबत फुटलं. तांडेल हिला मिठी मारून नवलाईचं नाव घेत राहिला. लाटेनं दोघांना उचललं ते थेट इथं. काठी उभी राहिली, तांडेल आडवा पडला. मग गावानं तिच्याभोवती मांडव बांधला."

"काहीतरीच हं, आजी!"

"चाटून बघ. अजून खारट लागते."

दिशानं इकडेतिकडे पाहिलं. पटकन जीभ लावली.

"सर्वेशदादा, खरंच खारट आहे!"

"पिढ्यान् पिढ्या घामट हात लागलेत. खारट नाय तर काय गोड लागेल?" सर्वेश म्हणाला.

दिशाचं लक्षच नव्हतं. स्टुलावर चढून तिनं भोकात बोट घातलं. आतली कड झिजून गुळगुळीत झाली होती.

"इथून दोर धावलाय," ती म्हणाली. "मांडव पाडलात तर हिचं काय करणार?"

"काय करणार? वखारीत जाईल."

येसूबाईनं कमरेची डबी चाचपली.

धोंडू गुरवानं देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. "बाय नवलाई, मांडव पाडायचा असेल तर उजवी दे, राखायचा असेल तर डावी दे!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

पाकळ्या हलेनात. उदबत्ती संपली. मग उजवीचं टोक सुटलं. लोंबायला लागली. सर्वेशनं हात जोडले.

"अगो बाय, ओटी राहिली की माझी!" म्हणत येसूबाई ताट घेऊन पुढे घुसली, देवीपुढे वाकली, आणि तिला आपोआप अशी शिंक आली की समई विझली.

धोंडूनं काडी ओढली. डावी पाकळी खाली पडली होती. उजवी होती तिथंच लोंबत.

"ही शिंकली म्हणून पडली!" सर्वेश ओरडला. "परत लावा!"

धोंडूनं पाकळी उचलून डोळ्यांना लावली. "शिंक काय माणसाच्या हातात असते रे? तीपण देवीनंच दिली."

दिशा खाली मान घालून हसत होती. येसूबाई पदरानं नाक पुसत परत डोलकाठीला टेकून बसली.

तर हे असं. सगळं खरं, तांडेलसुद्धा. शिंक आपोआप आली, एवढंच काय ते माझ्या पदरचं.