मुंग्या

सुनेच्या बोटांना मुंग्या आल्या आणि बघता बघता दोन्ही पंजे चोचीसारखे आखडले. ओठ बधिर झाले. पीएचडीच्या तोंडी परीक्षेला दहा मिनिटं उरली होती. व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या तिला धाप आवरत नव्हती. बाहेरून आलेल्या परीक्षकांना तिने कधी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी तिघांना रडवलं, एवढंच ऐकलं होतं.

“जातेय मी,” ती सोबत आलेल्या सासऱ्यांना म्हणाली.

“इतक्यात? अजून बोलावलं कुठे?”

सासरे निवृत्त बसचालक. मेंदूतली आम्लता बदलली की चेतापेशींचा आपसातला संवाद कसा बदलतो, हा सुनेचा विषय ते नातेवाइकांना थोडक्यात सांगत, ‘सून ॲसिडिटीवर पीएचडी करतेय.’ त्यामुळे सहा वर्षं प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी तिला कोपऱ्यात घेऊन आपल्या ढेकरांची हकिगत ऐकवत असे.

आता त्यांनी तिचे पंजे पाहिले. “ॲसिडिटीच आहे,” म्हणाले आणि थंड दूध शोधायला धावले.

पाण्याची बाटली भरायला आलेल्या एक पिकल्या केसांच्या बाई थबकल्या. शेजारी येऊन बसल्या.

“कधीपासून अशी धाप लागलीय?”

“सकाळपासून. हार्ट अटॅक आहे.”

“इतका श्वास सोडला की रक्तातलं काय कमी होतं?”

“कार्बन डायऑक्साइड,” ती कण्हत म्हणाली. “म्हणजे... आम्लता घटते.”

“मग?”

“चेतापेशींना आवर राहत नाही. कारण नसताना एकमेकींशी बोलत सुटतात.”

“आणि आम्लता वाढली तर?”

“बऱ्याचशा गप्प होतात.” ती थांबली. आपल्या पंजांकडे बघत राहिली. “अगं बाई. हे तर माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण.”

“मग उपाय?”

“श्वास सावकाश घ्यायचा.”

“घ्या की.”

दोघी शेजारी बसून सावकाश श्वास घेत राहिल्या. बोटं एकेक करून सुटली. तेवढ्यात सासरे दुधाचा पेला सांभाळत आले.

“ॲसिडिटीच ना?”

“उलट,” बाई म्हणाल्या. “कमी पडली होती.”

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि दूध स्वतःच पिऊन टाकलं.

सुनेने पदर सारखा केला. “चला, आता परीक्षेला जाते. त्या बाहेरच्या परीक्षक काय विचारतील कोण जाणे.”

बाईंनी बाटलीचं झाकण लावलं. “माझं विचारून झालं,” त्या म्हणाल्या. “आत चला, सही करते.”