टोपूकाकांची पाटी

"टोपी ने, पण नावाची पाटी नको," सुचित्राआजीने निक्षून सांगितलं आणि ती मेथी निवडायला बसली.

रुचाचं डोकंच फिरलं. मुंबईच्या संग्रहालयाची गाडी भिंगारात शिरलीसुद्धा होती आणि ही बाई ऐनवेळी फाटे फोडत होती! 'टोपूकाका : नृसिंह पुराणिक' अशी पितळी पाटी कधीच करून झाली होती. एकेकाळी टीव्हीवर दर रविवारी पोरांना वेड लावणारे टोपूकाका म्हणजे रुचाचे आजोबा. ते गेल्याला वर्ष झालं. निदान टोपीखाली तरी त्यांचं नाव राहावं, एवढंच तिचं म्हणणं. त्यात काय वावगं होतं?

आणि टोपी तरी केवढी! लालभडक, घागरीएवढी उंच, थेट भुवयांवर टेकणारी. तिच्याखाली झुपकेदार मिशी. आवाज मागाहून दुसराच कलावंत द्यायचा. एवढी उंच का, असं विचारलं की आजोबा म्हणायचे, "लांबून दिसावी म्हणून."

एरवी आजोबा भारी बुजरे. चारचौघांत दोन शब्द बोलायचे म्हटलं की त्यांना दरदरून घाम फुटायचा. "पण टोपी घातली की आमचा नरसू निराळाच माणूस!" असं पणजोबा गल्लीभर सांगत फिरायचे म्हणे. पणजोबा म्हणजे जमदग्नीच. सून ओसरीवर आली तरी खाकरायचे. रविवारी मात्र गल्लीतली पोरं जमवून टीव्हीपुढे स्वतःच सगळ्यांत पुढे बसायचे. आजी तेव्हा स्वयंपाकघरात. चित्रीकरणाला तेवढी ती जोडीने जायची, कारण आजोबांना बाहेरचं अन्न सोसत नसे.

"पन्नास वर्षं संसार केलास आणि त्यांचं नाव नको?" रुचाचा आवाज चिरकला. "इतकी कशी गं कोरडी तू?"

आजीचे डोळे भरून आले. तिने सुटलेला अंबाडा पुन्हा बांधला. सत्तरीतही तो मुठीत मावत नव्हता.

"त्यांनाच नको होतं गं," ती म्हणाली. "कुणी टोपूकाका म्हटलं की लाजून चूर व्हायचे बिचारे."

"म्हणूनच आपण लावायचं!"

तेवढ्यात गाडी दारात थांबली. संग्रहालयाच्या माणसांबरोबर आप्पासाहेब उतरले. टोपूकाकांचे सगळे भाग यांनीच कॅमेऱ्यात टिपलेले. आता ऐंशी पार केलेली. रुचाला हायसं वाटलं.

"आप्पासाहेब, तुम्हीच समजवा हिला. पाटीवर नाव हवं की नको?"

"हवं म्हणजे काय, हवंच!"

रुचाने आजीकडे बघून भुवया उडवल्या. आजी मान खाली घालून मेथी निवडत राहिली.

आप्पासाहेबांनी आजोबांच्या फोटोला हात जोडले. मग काठी टेकत टेकत ते आजीसमोर येऊन बसले.

"सासरे जाऊन तीस वर्षं झाली, टोपूकाका," ते हळूच म्हणाले, "अजून किती भिणार?"